फ्रँकलिनची मातीची पदकं: अस्सल जुनं कसं ओळखायचं?

पेणची_लेक (स्टॅफर्डशर, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

माझं माहेर पेण. वडिलांचा गणपतीचा कारखाना, आता भाऊ बघतो. पावसाळा लागला की पडवीत मूर्ती, माजघरात मूर्ती, जिन्याखालीसुद्धा मूर्ती. शाळेतून आले की माझ्या वाटणीचं काम ठरलेलं असायचं: साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडेला राहिलेली जादा माती ओल्या बोटानं साफ करायची. गेली अकरा वर्षं मी इथे फार्मासिस्ट आहे. घरापासून वीस मिनिटांवर स्टोक-ऑन-ट्रेंट, म्हणजे इंग्लंडची कुंभारनगरी. नोकरी निवडताना हे डोक्यात नव्हतं, पण माती मला इथेही सापडली.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कार बूट सेलला गेले होते (मैदानात गाड्या लावून लोक डिकीतून घरचं जुनं सामान विकतात, तो बाजार). एका आजोबांच्या खोक्यात चमच्यांखाली एक निळं लंबगोल पदक दिसलं, तळहातात मावेल एवढं. फिक्या निळ्या जमिनीवर पांढऱ्या मातीचा उठावातला चेहरा: मोठं कपाळ, मानेवर रुळणारे केस, भरलेली हनुवटी. खाली रोमन अक्षरांत 'फ्रँकलिन' दाबलेलं, म्हणजे अमेरिकेचा राजकारणी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन. मी चेहऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हाताला लगेच ओळख पटली. हे रंगवलेलं नव्हतं, कोरलेलंही नव्हतं. साच्यात माती दाबायची, तो पातळ तुकडा न फाटता सोडवायचा, मागून पाण्याचं बोट फिरवायचं आणि जमिनीवर बसवायचा. आमच्याकडे मूर्तीचे दागिने असेच साच्यातून काढून चिकटवतात.

१८ पाऊंड दिले. घरी येऊन मागचा वेजवूडचा शिक्का बघितला आणि वाचायला बसले ती रात्री दोनपर्यंत. जोसाया वेजवूड, बर्सलेमच्या कुंभाराच्या घरात १७३० साली जन्मलेला. लहानपणी देवीच्या आजारानं गुडघा निकामी झाला, १७६८ मध्ये पाय कापावा लागला. चाकावर पायानं जोर लावता येईना म्हणून हा माणूस मातीच्या प्रयोगांकडे वळला, असं इथले लोक सांगतात. पुढच्याच वर्षी त्यानं एट्रुरियाचा कारखाना सुरू केला आणि १७७५ च्या आसपास ही जॅस्पर नावाची माती हाताशी आणली. बार्लास्टनच्या वेजवूड संग्रहालयात त्याच्या प्रयोगांचे ट्रे ठेवलेत. बोटाच्या पेराएवढे मातीचे तुकडे, प्रत्येकावर नंबर, रांगाच्या रांगा. ते बघताना मला रडू आलं. का ते इथे काहींना तरी कळेल.

तेव्हापासून सात पदकं जमली आहेत. थोरला पिट, धाकटा पिट, वॉशिंग्टन, चार्ल्स जेम्स फॉक्स अशी बहुतेक राजकारणी मंडळी. त्या काळी सामान्य माणसाला आपल्या पंतप्रधानाचा चेहरा हातात धरून बघता यायचा तो अशा पदकांतून, आणि मला नेमकं तेच आवडतं.

आता प्रश्न आठव्याबद्दल. मागच्या महिन्यात एका जत्रेवजा अँटिक मेळाव्यात मी एक तांबूस मातीचं गोल पदक १४० पाऊंडांना घेतलं. केसाळ टोपी घातलेला फ्रँकलिन, भोवती फ्रेंच मजकूर, खाली १७७७. विक्रेता म्हणाला, हे नीनीचं अस्सल काम. ज्याँ-बाप्तिस्त नीनी हा मूळचा इटलीचा, फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी शोमाँच्या गढीत भट्टी चालवायचा. गढीचा मालक तोच, ज्याच्या पॅरिसजवळच्या पासीच्या घरात फ्रँकलिन राहायला होता. हेच पदक हवंहवंसं वाटायचं कारण फ्रँकलिनचं एक पत्र. १७७९ च्या जूनमध्ये तो पासीहून मुलीला, सॅलीला, लिहितो की तू जे मातीचं पदक हॉपकिन्सनना दिलंस, ते फ्रान्समध्ये झालेलं त्या जातीचं पहिलंच. त्यानंतर इतकी निघाली की काही तपकिरीच्या डब्यांच्या झाकणावर बसली, काही अंगठीत मावतील एवढी लहान झाली, आणि तुझ्या बापाचा चेहरा आता चंद्राइतका ओळखीचा झालाय. दूर देशातल्या बापानं लेकीला पाठवलेला मातीचा चेहरा. मी तो मेळाव्यात सोडून येऊ शकले नाही.

पण घरी आणल्यापासून मन खातंय. काहीतरी मऊ आहे त्याच्यात. निळ्या फ्रँकलिनचंही वय मला नक्की सांगता येत नाही, मागे वेजवूडचा शिक्का आहे तेवढाच भरवसा. ही जुनी आहेत की नाहीत हे घरच्या घरी कसं बघायचं? जाणकारांनी सांगावं.

भट्टी_आणि_राख (लीड्स)

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी इचलकरंजीचा, कापडगिरणीच्या कामासाठी १९८८ साली लीड्सला आलो आणि गेली सव्वीस वर्षं ही पदकं जमवतोय. तुमच्या हातात साच्याची जाण आहे, ती माझ्यापाशी नव्हती. मला ती विकत घ्यावी लागली, चुकीच्या वस्तूंच्या रूपानं.

आधी निळा. नवखा माणूस पदक उलटं करतो, शिक्का वाचतो आणि निर्धास्त होतो. शिक्का वाचा, पण शेवटी. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'वेजवूड अँड बेंटली' असं दाबलेलं असेल तर माल १७६९ ते १७८० मधला. थॉमस बेंटली हा त्याचा भागीदार १७८० मध्ये गेला आणि ते नाव थांबलं. नुसतं 'वेजवूड' असेल तर त्यातून एकट्यानं फार काही सिद्ध होत नाही, कारण तो शिक्का पुढे शंभराहून जास्त वर्षं चालला. सोबत 'इंग्लंड' असेल तर १८९१ किंवा नंतरचं, कारण अमेरिकेच्या जकात कायद्यानं त्या वर्षापासून मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसावं शतक. आणि नावाच्या मध्ये एक जादाचा 'ई' दिसला, तर तो जोसायाच्या घराण्याचा माल नव्हेच. स्टॉकटनच्या एका कारखान्यानं ते स्पेलिंग वापरलं होतं आणि १८४८ मध्ये कोर्टानं त्यांना मनाई केली. हा 'ई' मी माझ्या दुसऱ्याच खरेदीत शिकलो.

आता चेहरा. खिडकीशी जा, उजेड एका बाजूनं पडू द्या आणि भिंगातून कानामागे, हनुवटीखाली, केसांच्या टोकांशी बघा. एट्रुरियाच्या चांगल्या दिवसांत साच्यातून निघालेला चेहरा तसाच भट्टीत जात नसे. विल्यम हॅकवूडसारखे कारागीर बारीक हत्यारानं कडांखालची माती काढत, त्यामुळे नाकाखाली आणि बटांखाली सावली पडते. साच्याच्या पोटातून अशी आत वळलेली कड सुटून येत नाही, ती हातानंच करावी लागते. हे मी तुम्हाला काय सांगणार! नंतरच्या मालात चेहरा जमिनीवर वितळल्यासारखा बसलेला असतो. अंगही बघा. जुन्या जॅस्परला मेणासारखा, हस्तिदंतासारखा स्पर्श असतो. खडूसारखं कोरडं वाटलं तर संशय घ्या.

मग कड आणि पाठ. सुरुवातीचं जॅस्पर आरपार एका रंगाचं होतं. निळा रंग कोबाल्टचा, आणि कोबाल्ट महाग, म्हणून १७७७ च्या सुमारास पांढऱ्या मातीवर निळ्याचा पातळ थर देणं सुरू झालं. असं पदक मागून किंवा कडेवर पांढरं किंवा फिकं दिसतं. त्यावरून खोटं ठरत नाही, फक्त कुठली पद्धत ते कळतं. जाड जुन्या पदकांच्या पाठीला कधी कधी एकदोन भोकं असतात. आतली वाफ कोंडून पदक तडकू नये म्हणून ती ठेवत. मला अशी भोकं दिसली की हात थरथरतात.

एक इशारा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला वेजवूडमध्येच बर्ट बेंटली नावाच्या कारागिरानं (भागीदार बेंटलीशी याचा संबंध नाही) जुनी पदकं पुन्हा काढली. काम इतकं सुरेख आहे की भले भले फसतात. पण ती फसवणूक नव्हे, कारखान्यानं उघडपणे काढलेला माल आहे. तुमचं १८ पाऊंडांचं त्यातलं निघालं तर मी तुमचं अभिनंदन करीन.

आता खरी गोष्ट, मापाची. माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते. समजा कोणी तयार, भाजलेल्या पदकावरून साचा घेतला. त्यात माती दाबली, वाळवली, भाजली. नवं पदक जुन्यापेक्षा लहानच येणार, साधारण दहाव्या-बाराव्या हिश्शानं, मातीप्रमाणे कमीजास्त. त्याच्यावरून पुन्हा साचा घेतला तर आणखी लहान. वेजवूडला हे इतकं नेमकं माहीत होतं की त्यानं त्याचंच यंत्र केलं: मातीचे ठरावीक मापाचे तुकडे भट्टीत टाकायचे आणि किती आकसले ते मोजून आतली धग ठरवायची. त्या कामासाठी १७८३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. शाळा नऊ-दहा वर्षांचा असतानाच सुटलेल्या कुंभाराला!

तेव्हा ताई, तुमचा तांबूस फ्रँकलिन मोजा. १७७७ चं टोपीवालं नीनीचं पदक मी दोनदा हातात घेतलंय, दोन्ही साडेअकरा सेंटिमीटरच्या थोडं वर भरली. नीनीनं फ्रँकलिनची वेगवेगळी पदकं केली, लहान मापाचीही, म्हणून एकट्या मापावर निकाल देऊ नका. खांद्याच्या कापावरची सही आणि टोपीची लव भिंगातून बघा. नीनीचं बारीक काम सुरीसारखं धारदार असतं.

जाता जाता, तुम्ही राजकारणी जमवता म्हणून. वॉशिंग्टनचं तुमचं पदक कुठल्या चेहऱ्याचं आहे ते बघा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात युरोपात त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. फ्रेंच लेखक व्होल्तेरच्या सांगण्यावरून पॅरिसमध्ये त्याचं पदक निघालं ते कल्पनेनं, आणि वेजवूडनं पहिला वॉशिंग्टन त्यावरूनच घडवला. त्यामुळे तो वॉशिंग्टनसारखा मुळीच दिसत नाही, आणि म्हणूनच मला तो सगळ्यात जास्त आवडतो: ज्याला पाहिलं नाही, त्याचा चेहराही लोकांना हवा होता. याच काळातली केपलची गोष्ट. १७७९ मध्ये ब्रिटिश अॅडमिरल केपल लष्करी खटल्यातून निर्दोष सुटला, लंडनभर दिवे लागले, आणि वेजवूड बेंटलीला कळवळून लिहितो की मला केपलचा चेहरा का पाठवत नाही, वेळेवर तयार असता तर हजार पाऊंडांचा खपला असता. बातमी शिळी व्हायच्या आत चेहरा भट्टीतून बाहेर पडला पाहिजे, ही त्याची तळमळ होती.

गिरगावकर_७२ (मुंबई)

दोघांचंही वाचून आनंद झाला. माझी थोडी भर.

इकडे चोर बाजारात, मटण स्ट्रीटला निळी-पांढरी 'वेजवूड' पदकं नेहमी दिसतात. मी एक हौसेनं घेतलं होतं, दुकानदार 'साहेबाच्या बंगल्यातलं' म्हणाला. घरी नखानं टिचकी मारली तर आवाज प्लास्टिकसारखा बद्द, आणि वजन हाताला जाणवेचना. राळेचं ओतकाम होतं. जॅस्पर म्हणजे दगडासारखी भाजलेली माती, बिनझिलईची. हातात थंड लागते आणि टिचकीला नीट आवाज देते. तेव्हापासून मी आधी डोळे मिटून वस्तू हातात धरतो.

आणखी एक गोंधळ जेम्स टॅसीच्या पदकांचा. हा ग्लासगोजवळचा, नंतर लंडनला गेला. त्याचे पांढरे चेहरे मातीचे वाटतात, पण ती काचेची लगदी आहे. फुटलेल्या कडेला काचेची चकाकी दिसते. त्याच्या काही चेहऱ्यांवरून वेजवूडनंही पदकं केली, त्यामुळे एकच माणूस दोन्हीकडे तसाच दिसतो.

पेणच्या ताई, वॉरन हेस्टिंग्जचं वेजवूड पदकही आहे, ते मिळालं तर सोडू नका. १७८२ चा सालबाईचा तह, महादजी शिंदे आणि हेस्टिंग्जचा वकील. आपल्या इतिहासातला माणूस स्टॅफर्डशरच्या मातीत बघताना मला वेगळंच वाटलं. आणि सुट्टीत आलात तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय जरूर बघा. जे. जे. कला शाळेत १८७० च्या दशकात सुरू झालेल्या कुंभारकामाचे नमुने तिथे आहेत. संग्रह भारतात आणायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यामुळे इथून पुन्हा बाहेर नेता येत नाही. आणण्याआधी नीट विचार करा, खरेदीच्या पावत्या जपा.

पेणची_लेक (स्टॅफर्डशर, इंग्लंड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुट्टी होती, सकाळपासून हेच केलं.

निळा फ्रँकलिन: मागे 'वेजवूड' आणि त्याखाली, धूळ बसून बुजलेलं, 'मेड इन इंग्लंड'. मऊ ब्रशनं कोमट पाण्यात हलकेच साफ केलं तेव्हा उमटलं. म्हणजे विसाव्या शतकातला. पण दादा, केसांच्या बटांखाली सावली आहे! भिंगातून बघितली, नवऱ्याला दाखवली, मग फोनवरून फोटो काढून मोठा करून पुन्हा बघितली. तुम्ही म्हणालात त्या बर्ट बेंटलीच्या हातचा असेल का, हे मला आता शोधायचं आहे.

तांबूस फ्रँकलिन: चारदा मोजला. साडेदहा सेंटिमीटर, अगदी काठोकाठ.

रात्री पेणला व्हिडिओ फोन लावला. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, कारखान्यात जातात ते फक्त डोळ्यांच्या आखणीसाठी. त्यांना फ्रँकलिन कोण हे माहीत नाही, मीही आधी सांगितलं नाही. पदक कॅमेऱ्यासमोर धरून दिव्याखाली हळूहळू फिरवलं. बाबा म्हणाले, "टोपीजवळ ने." नेलं. "आणखी जवळ." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा मूर्तीवरून साचा काढलाय गं. मूळ साच्याचा माल नाही. केस एकमेकांत गेलेत बघ." त्यांनी मला आमच्याच कारखान्यातली एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. मी तिसरीत असताना बाबांनी केलेली एक बैठी मूर्ती कोणीतरी गिऱ्हाईक म्हणून विकत नेली, तिच्यावरून साचा काढला आणि पुढच्या वर्षी बाजारात तीच मूर्ती दिसली. बाबांनी ती ओळखली कशी? उंची बोटभर कमी होती आणि मुकुटावरचे मणी सपाट झाले होते. त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही. पण त्या वर्षी त्यांनी तो मूळ साचा फोडून टाकला आणि नवा केला.

मी त्यांना नीनीचं सगळं सांगितलं. सहीही दाखवली: अक्षरं आहेत, पण कडा गोल झाल्यात, ओल्या मातीवरून कोणी अंगठा फिरवावा तशा. बाबा म्हणाले, ज्यानं काढला त्यानं माती बरी वापरलीय, भाजलाही नीट, फक्त चेहरा त्याचा नव्हे.

विक्रेत्याला आज सकाळी फोन केला. माप सांगितलं, सहीबद्दल सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला की पैसे परत घ्या नाहीतर निम्म्या किमतीत ठेवा. मी ७० पाऊंड परत घेतले आणि पदक ठेवलं. कुठल्या काळातली नक्कल आहे ते मला शोधायचं आहे, आणि बाबांना ती प्रत्यक्ष हातात धरून बघायची आहे. एप्रिलमध्ये घेऊन जाईन. कागदपत्रांबद्दल गिरगावकर साहेबांनी सांगितलेलं लक्षात आहे.

दादा, एक विनंती. शक्य असेल तर एखाद्या शनिवारी बार्लास्टनला याल का? तिथल्या काचेतल्या जुन्या पदकांशेजारी माझा निळा धरून तुमच्या डोळ्यांनी बघायचा आहे.

भट्टी_आणि_राख (लीड्स)

ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा. "केस एकमेकांत गेलेत" हे मी आज माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

बार्लास्टनला येतो. २०१४ मध्ये तो संग्रह लिलावात फुटायची वेळ आली होती. लोकांनी महिनाभरात वर्गणी पुरी केली, एकूण १ कोटी ५७ लाख ५० हजार पाऊंड जमले आणि तो संग्रह तिथेच राहिला. मीही दहा पाऊंड भरले होते, तेव्हापासून तिकडे जाणं राहूनच गेलं.

येत्या महिन्यातला दुसरा शनिवार जमेल का? भिंग आणि कॅलिपर मी आणतो. तुम्ही दोन्ही फ्रँकलिन आणा, आणि तो वॉशिंग्टनही.